पोकळ कॅथोडचा भरीव उजेड

व्हायवात 'प्लाझ्मा म्हणजे काय?' विचारलं की आपण सगळे एका सुरात म्हणतो, 'पदार्थाची चौथी अवस्था!' मार्क मिळतात, विषय संपतो. माझा संपला नाही. आमच्या गावी विहिरीशेजारी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचं काम चालायचं, आणि त्याच विहिरीचं पाणी माझी धाकटी बहीण पीत होती.

पाणी तपासायला दिलं तेव्हा प्रयोगशाळेत एक वीतभर लांबीचा दिवा पाहिला. आत शिशाची छोटीशी वाटी, तोच कॅथोड. भोवती निऑन, अगदी काही टॉर दाबाचा. आता मित्रहो, गंमत बघा. व्होल्टेज दिलं की आयन कॅथोडवर आदळतात आणि तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. सपाट कॅथोडपासून निघालेला इलेक्ट्रॉन सरळ पुढे निघून जातो. पण वाटीत समोरही कॅथोडचीच भिंत! ती त्याला मागे ढकलते. मग बिचारा दोन भिंतींमध्ये हेलकावे खात राहतो आणि वाटेत निऑनच्या अणूंना धडका देतो. २१.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली की अणूतून नवा इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. म्हणून तेवढ्याच व्होल्टेजला इथे प्रवाह कितीतरी जास्त आणि प्लाझ्मा दाट. अट एकच, दाब आणि वाटीची रुंदी यांचं गणित जमलं पाहिजे. दाब फार वाढला तर समोरची भिंत गाठण्याआधीच ऊर्जा संपते. फार कमी झाला तर धडकायला अणूच भेटत नाहीत.

फ्रिडरिख पाशेन यांनी १९१६ मध्ये वर्णपटाच्या अभ्यासासाठी पोकळ कॅथोड वापरला. १९५५ मध्ये ॲलन वॉल्श यांनी अणु-शोषणाने धातू मोजायची पद्धत मांडली, आणि या दिव्याला खरं काम मिळालं. आयनांच्या माऱ्याने वाटीतले शिशाचे अणू उडतात, प्लाझ्मात उत्तेजित होतात आणि शिशाच्या खास तरंगलांबीचा, उदाहरणार्थ २८३.३ नॅनोमीटरचा, प्रकाश देतात. ग्राफाइटच्या भट्टीत तापवलेल्या नमुन्यात शिसं असेल तर नेमका तोच प्रकाश शोषला जातो.

पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. आमचं पाणी त्यापलीकडे निघालं.

विहिरीवर आता पत्रा टाकलाय. बहिणीच्या रक्ताचा रिपोर्ट यायचाय. तोही बहुधा अशाच एखाद्या दिव्याच्या उजेडात तयार होत असेल.