जुना फिल्टर

परवा आमची गाडी सर्व्हिसिंगला दिली. जिथून घेतली, तिथेच. थंडगार खोली, मऊ कोच, फुकट कॉफी! एका हसतमुख तरुणाने जॉबकार्ड पुढे केले आणि मी न वाचताच सही ठोकली. शुद्धलेखनाच्या चुका काढण्यात हयात गेलेला माणूस 'व्हील अलाइनमेंट'पुढे काय बोलणार?

संध्याकाळी बिल पाहिले मात्र, कॉफी कडू झाली! अंदाजाच्या दीडपट रक्कम आणि वर १८ टक्के जीएसटी. ग्राहकाच्या हक्कांसाठी १९८६ मध्ये कायदा झाला, २०१९ मध्ये नवा आला; पण आम्ही पडलो भिडस्त! पाकीट काढणार, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "एअर फिल्टर गेल्या दिवाळीतच बदलला होता ना? काढलेला दाखवा पाहू."

तरुणाचा चेहरा उतरला. "मॅडम, आमच्यावर विश्वास नाही का?"

मी चपापलो. गेल्याच आठवड्यात एक विद्यार्थिनी चाचणीची उत्तरपत्रिका पाहायला मागत होती. तिला मी हेच वाक्य ऐकवून परत पाठवले होते!

फिल्टर आला. पुण्यातल्या खणलेल्या रस्त्यांची वर्षभराची धूळ त्याच्या घडीघडीत बसली होती. इंजिनाने श्वास घ्यावा तरी कसा? बदलणे रास्तच होते. आम्ही मुकाट्याने पैसे मोजले. पण मनात किल्मिष उरले नाही. दाखवल्याने त्या तरुणाचे काय गेले? उलट, पुढच्या खेपेलाही गाडी तिथेच न्यायची, असे आमचे ठरले.

आज त्या मुलीला बोलावले आहे. उत्तरपत्रिका काढून टेबलावर ठेवली आहे. माझी बेरीज चुकलेली निघाली, तर निघू दे!