गोठ्यातले मावळे

दिवाळीचा किल्ला मोडला की मावळे खोक्यात भरून माळ्यावर टाकायचे, ही आमच्या नगरच्या घरची पद्धत. वसईला राहायला आलो त्या वर्षी ते खोकं डिसेंबरात पुन्हा खाली आलं. समोरच्या मावशींच्या अंगणात नाताळचा गोठा मांडायचं काम चाललं होतं आणि त्यांच्याकडे मेंढपाळ कमी पडत होते. माझा मुलगा दोन मावळे घेऊन धावला. मावशींनी ढाल-तलवारीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे रे. बाळाला पहारा नको का?" दुसऱ्या दिवशी पोळ्याचा मातीचा बैलही गेला. शिंगांना बेगड तशीच.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. आता डिसेंबर लागला की आमच्या जिन्याखाली सात-आठ पोरं जमतात. त्यातली निम्मी मिस्सेला जाणारी, निम्मी न जाणारी. खळीत हात घातल्यावर काही फरक कळत नाही.

ज्याला आकाशकंदील येतो त्याला चांदणी येतेच, असा माझा समज होता. येत नाही. बांबूच्या दीड फुटाच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्यांचा एक तारा बांधायचा, वहीत पेन न उचलता काढतो तसा. असे दोन. एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळायची आणि मग आतल्या पंचकोनाच्या कोपऱ्यांत चार-चार इंचांचे पाच टेकू उभे करायचे, म्हणजे चांदणीचं पोट फुगतं. पहिल्या वर्षी माझी एक कामटी बोटभर आखूड निघाली. टेकू घातल्याबरोबर चांदणी एका पायाने लंगडी झाली, आणि ती बाजू भिंतीकडे करून टांगावी म्हटलं तर पोरं ऐकेनात. "कामट्या आधी जुडीने जमिनीवर ठोकून सारख्या करायच्या, मग बांधायच्या," मावशी म्हणाल्या. सगळं बांधून झाल्यावर म्हणाल्या, हे विशेष.

कागद पतंगाचाच घ्यावा. कामटीवरून दुमडायला अर्धा इंच जादा ठेवून कापायचा. खळ लागली की तो सैल पडतो, सुरकुततो, आणि दर वर्षी कुणीतरी रडवेलं होऊन म्हणतं, "काकू, बिघडला." न बोलता उन्हात ठेवून द्यायचा. तासाभरात वाळून ढोलकीच्या कातड्यासारखा ताणला जातो. मागचा एक त्रिकोण दिव्यासाठी उघडा सोडायचा. पूर्वी साठ वॅटचा बल्ब कागद करपवायचा, आता एलईडीमुळे ती काळजी गेली. खळ मैद्याची. माझे वडील कंदिलाच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे, किडे लागू नयेत म्हणून. पोरं बोटं चाटतात, म्हणून मी टाकत नाही.

लहानांसाठी सुरूची फळं. भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूखाली ती पसरलेली असतात, बोराएवढी, खवल्याखवल्यांची. पिशवीभर आणायची, दोन दिवस वाळवायची, सोनेरी रंगात बुडवून दोऱ्यात ओवायची. चार वर्षांच्या मुलालाही जमतं आणि बिघडायला त्यात काही नसतंच. झाड म्हणून सुरूचीच एखादी पडलेली फांदी कुंडीत रोवतो.

कापसाचा बर्फ मात्र मी बंद केला आहे. अंगात साधा स्वेटरही नसताना छपरावर कापूस पसरणं मला पटत नाही. कागदाची हिमफुलं कापायला हरकत नाही, पण कागदाच्या घड्या अशा घालाव्यात की पाकळ्या सहा येतील. पोरं नेहमीच्या सवयीने निम्म्याच्या निम्म्या घड्या घालतात आणि आठ पाकळ्यांचं फूल काढतात. बर्फाचा स्फटिक षट्कोनी असतो. केप्लरने 1611 साली एवढ्याच प्रश्नावर छोटं पुस्तक लिहिलं, हे मी पोरांना सांगते. ती ऐकून घेतात आणि आठच कापतात.

खरी मजा गोठ्याची. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात नाताळचा देखावा उभा केला तेव्हा बैल आणि गाढव खरेखुरे होते म्हणतात. आमच्याकडे बैल पोळ्याचा, गाढव पुठ्ठ्याचं, छपर भाताच्या पेंढ्याचं. पुढ्यातलं गवत तेवढं खरं हवं, आणि ते पेरावं लागतं. नाचणी रात्रभर भिजवून ताटात मातीवर दाट पसरायची, वरून ओलं फडकं, कोंब दिसले की फडकं काढून रोज पाण्याचा हलका शिपका. गहू लवकर वाढतो, पण दोन इंचांच्या मेंढीसमोर गव्हाचं पातं उसासारखं दिसतं. नाचणी बारीक उगवते. एकदा मी 20 तारखेला पेरली. चोवीसच्या संध्याकाळी ताटात नुसती हिरवट लव होती, दोन दिवस दाढी न केलेल्या हनुवटीसारखी. मावशींनी आपलं एक ताट उचलून आणून दिलं. बोलल्या काही नाहीत, पण त्यानंतर दर वर्षी 10 तारखेला त्यांची हाक येते, "भिजवलीस का गं?"

गव्हाण चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी असते. मिस्सेहून आल्यावर मावशींची नात बाळ येशूला तिच्यात ठेवते. तीन राजे खिडकीच्या कट्ट्यावरून निघतात आणि रोज वीतभर पुढे सरकत 6 जानेवारीला गोठ्यात पोचतात. सरकवायची पाळी कुणाची, यावर दर वर्षी भांडण होतं. त्यानंतर सगळं आवरतो. मावळे परत आमच्या खोक्यात येतात. गेल्या वर्षी मोजले तर त्यांच्यात एक मेंढीही आली होती.