सपाट बोर्डातला गोलावा

कला महाविद्यालयातली मुले लेझर कटिंगचा प्रकल्प आणतात तेव्हा बहुतेकांच्या फाइलमध्ये जाळी असते: वेलबुट्टी, मोर, मंडल. यंत्र ते सुबक कापून देते आणि हाती येते नक्षीदार पाटी. वस्तू अजून व्हायचीच असते. म्हणून मी त्यांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे त्रिविक्रम मंदिर करायला सांगतो.

मंदिर विटांचे. मागची बाजू अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छप्पर, पुढचा मंडप नंतरचा. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. असा गोलावा सपाट एमडीएफ बोर्डातून काढायचा आहे.

आपल्याकडची बहुतेक यंत्रे कार्बन डायऑक्साइड लेझरवर चालतात. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तयार केला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. या लेझरचा १०.६ मायक्रोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण लाकूड आणि अ‍ॅक्रेलिक तो चटकन शोषून घेतात. पीव्हीसी मात्र यंत्रात कधीच घालू नये. त्यातून निघणारा क्लोरीनयुक्त वायू फुप्फुसाला घातक आणि यंत्रालाही गंज चढवणारा.

किरण जिथून जातो तिथले साहित्य जळून जाते. ही फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरची. शिवाय दुकानात ‘तीन एमएम’ म्हणून मिळणारा बोर्ड नेमका तीन भरेलच असे नाही. म्हणून आधी व्हर्नियरने जाडी मोजायची, मग वेगवेगळ्या रुंदीच्या खाचांची एक चाचणीपट्टी कापायची. ज्या खाचेत तुकडा दाबून बसतो आणि हलत नाही, ते माप फाइलमध्ये घ्यायचे. आतल्या खाचा आधी, बाहेरची कड शेवटी. नाहीतर सुटा झालेला तुकडा सरकतो.

अर्धगोल भिंतीसाठी बोर्डात उभ्या, समांतर चिरा द्यायच्या, एकाआड एक सरकवून. दोन चिरांमधली अरुंद पट्टी थोडीशी पिळली जाते आणि अशा सगळ्या पट्ट्या मिळून बोर्ड वाकतो. एमडीएफला हे जमते, अ‍ॅक्रेलिक तडकते. छपराच्या मागच्या टोकाला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे गोलावा दोन दिशांना आहे आणि बोर्ड एकाच दिशेने वाकतो. मग उरतात फासळ्या: कमानीच्या आकाराचे तुकडे खाचांत उभे करून छपराचा सांगाडा रचायचा.

इथे मुले विचारतात, फासळ्या झाकायच्या का? मी म्हणतो, कार्ल्याची लेणी पाहून या. तिथल्या चैत्यगृहात दगडी छताला लावलेल्या प्राचीन लाकडी फासळ्या आजही दिसतात. हा आकार लाकडी बांधकामातून दगडात आणि विटांत आला. फासळ्या उघड्या ठेवल्या की मॉडेल वास्तूचा हा जुना सांगाडाच दाखवते. त्यावर विटांच्या रेषा कोरल्या, की ते शोभेची प्रतिकृती होते.

परीक्षकांसमोर मांडतानाही हेच सूत्र. वस्तू सुट्या तुकड्यांत ठेवावी, शेजारी चाचणीपट्टी आणि तेरला काढलेली रेखाटने. परीक्षकांना स्वतः जोडू द्यावे. गोंदाशिवाय छप्पर उभे राहिले, तर संकल्पनेवरचे लांबलचक निवेदन लागत नाही. मग पुढचा प्रश्न विचारता येतो: तेरचे लामतुरे संग्रहालय पाहायला आलेल्या शाळकरी मुलाला हे तासाभरात जोडता येईल का? त्या उत्तरावर मी गुण देतो.