बारा महिने मैदाच!

रविवारी सकाळी नांदे-म्हाळुंगे बाजूच्या नदीकाठाने एक चक्कर मारा. गळ टाकून बसलेली पाच-दहा माणसं हमखास दिसतात. काही आपल्या गावांतली, काही हिंजवडीत नोकरीला असलेली. रॉड, रीळ, टोपी, घडीची खुर्ची, सगळं नवंकोरं. हौस चांगलीच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मी त्यांना एकच प्रश्न विचारतो, "गळाला काय लावलंय?"

उत्तर ठरलेलं. मैदा. कुणी त्यात हळद घालतं, कुणी इसेन्सचे दोन थेंब, कुणी सरळ पावाचा गोळा लावतं. जूनमध्ये मैदा, डिसेंबरमध्ये मैदा, एप्रिलमध्येही मैदा. आणि लागतं काय? चिलापी. बारा महिने चिलापी.

मित्रांनो, वाचायला ही गंमत वाटेल. पण वीसेक वर्षं या भागातल्या बातम्या करताना नदीवर मी जेवढे अहवाल वाचले, त्यापेक्षा हे उत्तर मला जास्त काही सांगून जातं. म्हणून आज आमिषावर लिहितोय. जरा लांबेल, पण वाचा.

काश्मीर आणि हिमाचलच्या थंड नद्यांत ट्राऊट नावाचा मासा आहे. इंग्रजांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो तिथे आणून सोडला. त्याला धरायला कणीक चालत नाही. पिसं आणि दोरा गळावर बांधून खोटा किडा तयार करतात, त्याला 'फ्लाय' म्हणतात. आता कुठला किडा बांधायचा, हे ऋतू ठरवतो. थंडीत किडे पाण्याच्या तळाशी, दगडाखाली अळीच्या रूपात असतात, तेव्हा तळातून जाणारी जड फ्लाय लागते. ऊन वाढलं की त्या अळ्या वर येऊन पंख फोडतात, तेव्हा पाण्यावर तरंगणारी हलकी फ्लाय. उन्हाळा सरताना काठच्या गवतातले नाकतोडे, मुंग्या पाण्यात पडतात, तेव्हा त्यांच्यासारखी. थोडक्यात, त्या दिवशी मासा जे खातोय तेच त्याच्यापुढे करायचं. त्यासाठी आधी नदी वाचावी लागते. मुकाट बसून पाणी बघणं हा त्या शिकारीचा अर्धा भाग आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या मुळेत कुठून आलाय ट्राऊट! नाहीच. पण हे शास्त्र आपल्याकडे नव्हतं असं समजू नका. आपल्याकडे ते नक्षत्रांवर चालायचं.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या बाबांना मी एकदा विचारलं, "बाबा, कुठल्या महिन्यात काय लावायचात?" त्यांनी बोटं मोडत वर्ष सांगितलं. पाऊस पडून पाणी गढूळ झालं की गांडूळ, कारण ओढ्याच्या पाण्याबरोबर मातीतलं गांडूळच वाहून येतं. गढुळात शिंगटी, वाम हे मासे वासावर येतात. भादव्यात काठचं गवत माजलं की नाकतोडा. दिवाळीनंतर पाणी निवळलं की कणकेचा गोळा नाहीतर शेंगपेंड, आणि तंगूस बारीक, कारण निवळ पाण्यात माशाला दोरी दिसते. मरळीला छोटी बेडकी. आणि काठचं उंबर पिकून पाण्यात पडायला लागलं की गळाला उंबर. उंबर कशाला? खडसासाठी. खडस म्हणजे महसीर. हा मासा किडे, शेवाळ खातो तशी पाण्यात पडलेली फळंही खातो.

मग मी विचारलं, "आणि मिरगात?"

बाबा म्हणाले, "मिरगात आमिष कशापायी? मासा आपणच चढणीला लागतो. आमीबी धरायचो की. पर कालवणापुरतं. समदा वढा कोण उपसतंय!"

हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आधी मैद्याचं बघू. बाबांच्या यादीतल्या प्रत्येक आमिषामागे नदीची एकेक गोष्ट उभी होती. उंबर लावायचं तर काठावर उंबर हवा. काठाला सिमेंटची भिंत किंवा राडारोड्याचा भराव असेल तर उंबर कुठला? नाकतोड्याला गवत हवं, भिंगरी दिवे लावलेलं लॉन नाही. तळातल्या किड्यांना दगडगोटे आणि श्वास घ्यायला पुरेसा प्राणवायू असलेलं पाणी हवं. ट्राऊटवाले ज्या किड्यांची नक्कल करतात त्यांचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. जगभरचे शास्त्रज्ञ पाणी तपासताना आधी हेच किडे शोधतात. ते असले तर पाणी ठीक. ते नाहीसे होऊन गाळात नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर पाण्यात सांडपाणी आहे. यंत्र लागत नाही, एक दगड उलटून बघायचा.

आणि चिलापी? हा मासा आपला नाही. 1952 मध्ये तो भारतात आणला गेला. कमी प्राणवायूत जगतो, मिळेल ते खातो, वर्षातून अनेकदा वितो, पिल्लं तोंडात सांभाळतो. नदी बिघडली की बाकीचे जातात आणि हा राहतो. म्हणून मैदा पुरतो.

आता राहिलेले कोण होते ते ऐका. कर्नल विल्यम साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनमध्ये फिरून माशांची नोंद करत होता. त्याने आपल्या लोकांच्या तोंडची नावं उचलून थेट शास्त्रीय नावांत घातली. शिंगटीचं 'सींगटी', कोळशाचं 'कोलुस'. आज सगळं जग ज्याला 'टॉर खुद्री' म्हणतं तो महसीर त्याने 1839 मध्ये नोंदवला, आणि तो सापडला होता पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. म्हणजे या माशाचा जगाच्या दफ्तरातला जन्मदाखला आपल्या नदीचा आहे! पुढे 1942 मध्ये फ्रेझर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लेख लिहिला. म्हणजे कोण होतं याचे कागद आहेत. आज त्यातलं कोण उरलंय, हे मैदा सांगतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशात नद्यांचे 311 पट्टे प्रदूषित ठरले. त्यातले 55 एकट्या महाराष्ट्रातले, देशात सगळ्यात जास्त. सूस-म्हाळुंगे 2021 मध्ये महापालिकेत गेलं, लवळ्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे. हद्दीचा दगड माणसाला कळतो, सांडपाण्याला कळत नाही. एका सोसायटीचा प्रकल्प बंद असतो, दुसरीकडे मैल्याचा टँकर रात्री ओढ्यात रिकामा होतो, आणि विचारायला गेलं की प्रत्येक जण पलीकडच्या कार्यालयाकडे बोट दाखवतो.

पण सगळं खापर बिल्डर आणि सरकारवर फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. आता बाबांच्या त्या वाक्याकडे येऊ.

पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की मासे नदीतून उलटे चढतात. वलगण म्हणतात त्याला. हा मासा अंड्यांनी भरलेला असतो. आपल्या बहुतेक देशी माशांची वीण वर्षातून एकदाच, याच पावसात. पूर्वी लोक टोपली, पागेर घेऊन जायचे, घरचं कालवण व्हायचं. कातकरी कुटुंबांचं तर त्यावर पोट होतं. आज ओढ्याच्या तोंडाला मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आडवी लागते. कुठे बॅटरीचा शॉक, कुठे ब्लीचिंग पावडर. पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारायला आपल्याकडे 1897 पासून कायद्याने बंदी आहे! आणि मग पोतं भरून मासे, त्यांचे फोटो, 'गावरान वलगण' म्हणून स्टेटस. ताई-दादांनो, त्या पोत्यात पुढच्या वर्षीची नदी असते.

ट्राऊटच्या हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी गळच टाकता येत नाही, कारण तेव्हा त्या माशाची वीण. आपल्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद. ऋतूप्रमाणे आमिष निवडणाऱ्याला एक ऋतू असाही माहीत असतो, ज्यात काहीच लावायचं नसतं.

काही पुढारी म्हणतात, मत्स्यबीज सोडू. फोटो छान येतो. पण कुठला मासा? लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात, काम मोठं आहे. पण हाच आपला महसीर कावेरीत सोडला गेला आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे पडत पडत आज नामशेष व्हायच्या काठावर आला. घाण पाण्यात बीज सोडणं आणि चुकीचं बीज सोडणं, दोन्ही सारखंच.

म्हणून लवळे, नांदे, चांदे आणि आसपासच्या गावांच्या पुढच्या ग्रामसभेत एवढंच मागू या.

एक, पहिला पूर आल्यापासून पंधरा दिवस ओढ्याच्या तोंडाला जाळी नाही. ज्या घरांची चूल त्यावर चालते त्यांना टोपलीपुरती मुभा ठेवा. शॉक आणि ब्लीचिंगला मात्र कुणालाच माफी नको.

दोन, जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक गावात लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागा, उघडा, मासे कुठले लिहिलेत बघा. बाबांसारखी माणसं आहेत तोवर त्यांना बसवून लिहून घ्या.

तीन, हद्दीतल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प चालू आहे की बंद, याची यादी पंचायतीने पीएमआरडीएकडे लेखी मागावी आणि चावडीवर लावावी.

चार, मत्स्य विभागाला विचारल्याशिवाय नदीत एकही बोटुकली सोडायची नाही. वाढदिवसाला तर नाहीच.

हौशी गळवाल्यांनाही विनंती. मैदा ठेवा, चिलापी भरपूर धरा, तो कमीच झालेला बरा. पण दुसरं काही लागलं, शिंगटी, मरळ, वाम, तर फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून मला पाठवा. कुठल्या आमिषाला लागला तेही लिहा. वर्षभरात आपली एक यादी तयार होईल. ती घेऊन ग्रामसभेत मी स्वतः उभा राहीन.