न मोजलेले गुण

परीक्षा घेणे आणि निकाल लावणे यांतच ज्याचे उभे आयुष्य गेले, त्या माणसाला परदेशी गेल्यावरही परीक्षाच दिसाव्यात यात नवल नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये शाळेला उन्हाळी सुटी लागली आणि पुतण्याच्या आग्रहाखातर आम्ही उभयता बेळगाव सोडून महिनाभर कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे जाऊन राहिलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या नावाने खेळणाऱ्या फुटबॉल संघाचे मैदान प्रत्यक्षात या सांता क्लारातच आहे, आणि आमचे चिरंजीव पुतणे त्या संघाचे परमभक्त.

२४ एप्रिलच्या संध्याकाळी तो कचेरीतून लवकर परतला आणि चहाचा पेला घेऊन दूरचित्रवाणीसमोर ठाण मांडून बसला. पडद्यावर खेळ असा काहीच नव्हता. एक गृहस्थ व्यासपीठावर येऊन एक नाव वाचीत. मग एक धिप्पाड तरुण संघाची टोपी घालून त्यांना कडकडून मिठी मारी. खाली त्याची आई डोळे पुशी. बराच वेळ पाहून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अरे, हे कसले रे समारंभ? मौंज की साखरपुडा?" पुतण्या हसून म्हणाला, "काकू, हा निकाल आहे."

निकाल म्हटल्यावर आम्ही खुर्ची पुढे ओढली.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचे ३२ व्यावसायिक संघ आहेत. महाविद्यालयांतून खेळलेल्या तरुणांना हे संघ दरवर्षी एप्रिल महिन्यात पाळीपाळीने वाटून घेतात. याला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात आणि अडीचशेहून थोडे अधिक खेळाडू निवडले जातात. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे पडला, त्याचा पहिला मान. दुबळ्याला आधी वाढण्याची ही रीत आम्हांला आवडली.

त्या संध्याकाळी पुतण्याचा जीव दोन खेळाडूंत गुंतला होता, आणि दोघेही 'टाइट एंड' या जागेचे. ही जागा समजून घेतल्याखेरीज पुढचे सारे व्यर्थ आहे. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाचे उदाहरण घ्यावे. त्याने झेल तर घेतलेच पाहिजेत, शिवाय धावाही काढल्या पाहिजेत. टाइट एंडचेही तसेच दुहेरी ओझे. पाच दणकट गड्यांच्या भिंतीच्या टोकाशी तो उभा राहतो. कधी त्या भिंतीचाच एक चिरा होऊन प्रतिपक्षाच्या गड्याला अंगाने रेटायचे आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या सोबत्याला वाट करून द्यायची. कधी भिंत सोडून पुढे धावायचे आणि चेंडू झेलायचा. झेललेला चेंडू, धावलेले यार्ड, केलेले गुण यांची नोंद होते. सोबत्यासाठी अडवलेल्या माणसाला अधिकृत नोंदवहीत रकानाच नाही.

हे ऐकले आणि आमच्या मनात कुठेतरी एक काटा हलला. तो कोणता, ते पुढे सांगू.

या मुलांची पारख कशी करतात, हे आम्ही शिक्षकी चिकाटीने विचारून घेतले. दरवर्षी हंगाम संपल्यावर इंडियानापोलिस येथे त्यांची चाचणी होते. उंची, वजन, हातांची लांबी, एवढेच नव्हे तर पंजाही मोजतात. ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत पळतो ते शंभराव्या भागापर्यंत टिपून ठेवतात. उभ्याने उंच उडी, उभ्याने लांब उडी, २२५ पौंडांचे वजन किती वेळा उचलतो याची गणती. २०२२ पर्यंत तर बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिमापन चाचणीही असे. ती मग त्यांनी सोडून दिली. बारा मिनिटांत माणसाची बुद्धी कळत नाही, हे त्यांना कळायला काही दशके लागली. आम्हांला हसू आले नाही. आमच्या खात्याला अजून तीन तासांच्या पलीकडे काही सुचलेले नाही.

त्या दोघांची गोष्ट अशी. पेन स्टेट विद्यापीठाच्या टायलर वॉरनने २०२४ च्या हंगामात १०४ चेंडू झेलून १२३३ यार्ड मिळवले होते आणि उत्कृष्ट टाइट एंडचा पुरस्कारही पटकावला होता. मिशिगन विद्यापीठाच्या कोल्स्टन लव्हलंडच्या नावावर त्याच हंगामात ५६ झेल आणि ५८२ यार्ड. आमच्या गुणपत्रिकेच्या हिशोबाने यात विचार करण्याजोगे काही नव्हतेच. पण शिकागोच्या संघाने दहाव्या क्रमांकावर घेतले ते लव्हलंडला. वॉरनला इंडियानापोलिसच्या संघाने चौदाव्या क्रमांकावर घेतले.

"हा अन्याय नव्हे काय?" आम्ही विचारले.

पुतण्या म्हणाला, "काका, आकडा कुठून आला ते आधी बघावे लागते. लव्हलंडच्या संघात त्या वर्षी चेंडू नीट फेकणाराच नव्हता. शिवाय तो नुकताच एकविसाचा झालाय. वॉरन तेविसाला टेकलाय. दोन वर्षे आधी हा इथवर आला, तर पुढे कुठवर जाईल, याचाही अंदाज घ्यावा लागतो."

त्या दोघांतला कोण सरस ठरेल, हे एकदोन हंगामांत ठरण्याजोगे नाही आणि आमचा तो विषयही नाही. पण 'आकडा कुठून आला' हा प्रश्न आमच्या मनातून हलेना. आमचा चेहरा पाहून पुतण्या म्हणाला, "मग तुम्हांला आमच्या किटलची गोष्ट सांगतो." आणि त्याने सांगितलेली गोष्ट आम्ही इकडे घेऊन आलो.

जॉर्ज किटल हा आयोवा विद्यापीठाचा खेळाडू. त्या संघाची रीत जुन्या वळणाची. चेंडू हवेत फेकण्यापेक्षा तो घेऊन जमिनीवरून रेटत जाण्यावर भर. अशा संघातल्या टाइट एंडच्या वाट्याला काय येणार? भिंतीचे काम. महाविद्यालयाच्या साऱ्या वर्षांत मिळून किटलचे झेल भरले ४८ आणि यार्ड ७३७. त्यात शेवटच्या हंगामात पायाला दुखापत. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत तीन टाइट एंड निवडले गेले: ओ. जे. हॉवर्ड एकोणिसावा, एव्हन एन्ग्रम तेविसावा, डेव्हिड एनजोकू एकोणतिसावा. किटलचे नाव आले पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर. त्याच्या आधी आठ टाइट एंड निवडून झाले होते.

बरे, तो चाचणीत उणा होता म्हणावे तर तेही नाही. ११२ किलो वजनाचा हा गडी ४० यार्ड ४.५२ सेकंदांत पळाला होता. त्याचे खेळ चित्रफितीवर पाहणाऱ्यांना तो प्रतिपक्षाच्या गड्याला कसा उचलून बाजूला टाकतो, तेही दिसत होते. सारे काही समोर होते. फक्त ४८ हा आकडा त्याच्या आड उभा होता.

पुढे काय झाले ते नोंदले गेलेले आहे. २०१८ च्या हंगामात किटलने ८८ चेंडू झेलून १३७७ यार्ड मिळवले. टाइट एंडसाठी तोवरचा तो उच्चांक होता. मौज अशी की, त्याच दिवशी थोडाच वेळ आधी कॅन्सस सिटीच्या ट्रॅव्हिस केल्सीने जुना उच्चांक मोडला होता, तो किटलने दिवसभरही टिकू दिला नाही. पुढे २०२० मध्ये केल्सीने १४१६ यार्ड करून तो परत घेतला. आणि एवढी चुरस असलेले हे दोघे काय करतात? ग्रेग ओल्सन या तिसऱ्या नामवंत टाइट एंडला बरोबर घेऊन त्यांनी २०२१ पासून नॅशव्हिल येथे एक उन्हाळी शाळाच सुरू केली. निरनिराळ्या संघांचे टाइट एंड तिथे जमतात आणि एकमेकांना आपापल्या युक्त्या शिकवतात. आमच्यासारख्या शाळामास्तराला त्या १३७७ यार्डांपेक्षा ही शाळा मोठी वाटली.

निवडणाऱ्यांवर मात्र आम्ही दगड मारणार नाही. आधी निवडलेले एन्ग्रम आणि एनजोकू हेही पुढे चांगले खेळले आणि नावारूपाला आले. अँटोनियो गेट्स तर महाविद्यालयात फुटबॉल खेळलाच नव्हता, बास्केटबॉल खेळत असे. २००३ साली त्याला कुणीच निवडले नाही. पुढे त्याच्या नावावर टाइट एंडचे सर्वाधिक ११६ टचडाउन जमा झाले. त्याला न निवडणाऱ्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? पारख करणाऱ्याच्या हातून चूक होतेच. प्रश्न इतकाच, की चूक दिसत नव्हते म्हणून झाली, की पाहायचे कष्ट घेतले नाहीत म्हणून?

आता तो काटा.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा साधे सहशिक्षक होतो. एका दानशूर गृहस्थांनी आमच्या शाळेतील दहावीच्या एका गरीब विद्यार्थ्याचा वसतिगृहाचा आणि पुढील शिक्षणाचा सारा खर्च उचलण्याचे कबूल केले. नाव कळवायचे काम आमच्याकडे आले. दोन मुले समोर होती. एकाला ८४ टक्के, दुसऱ्याला ७१.

सीमाभागातील वाचकांना सांगायला नको की, आमच्या मराठी शाळांतील मुलांना कन्नडचा पेपर म्हणजे वाघ. या दुसऱ्या मुलाचे वडील भाजी विकत. पहाटे त्यांच्याबरोबर बसून तो बाजारातली कन्नड अस्खलित शिकला होता. त्या वर्षी वर्गातील सहासात कच्च्या मुलांना घेऊन तो शाळा सुटल्यावर चिंचेखाली बसे आणि त्यांच्याकडून कन्नड घोकून घेई. ती सारी मुले उत्तीर्ण झाली. शाळेचा निकाल वाढला, अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली ती आमची. त्याचे स्वतःचे गणित मात्र मागे राहिले.

हे आम्हांला ठाऊक नव्हते काय? रोज सायकलला कुलूप लावताना ती चिंचेखालची शाळा आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. पण अर्जात रकाना टक्क्यांचा होता. आम्ही ८४ टक्केवाल्याचे नाव कळवले. तो मुलगा गुणी होता, त्याने त्या मदतीचे सोने केले; त्याच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. दुसऱ्याचे शिक्षण तिथेच थांबले. तो भाजीच्या गाड्यावर उभा राहिला आणि आजही तिथेच आहे. आम्ही बाजारात गेलो की वाकून नमस्कार करतो, आणि चार मिरच्या पिशवीत जास्त टाकतो. एकदा धीर करून आम्ही तो विषय काढला होता. तो म्हणाला होता, "मार्क कमी होते की सर माझे." त्याने रागाने म्हटले असते तर आम्हांला सोपे गेले असते.

जूनमध्ये शाळा उघडली. शिफारशीचे अर्ज अजून तसेच येतात, रकाने तेच. आम्ही सहकाऱ्यांना एवढेच सांगितले आहे की, अर्जाची मागची बाजू कोरी ठेवायची नाही. या मुलाने कुणासाठी काय केले, ते आपण डोळ्यांनी पाहिलेले तिथे लिहायचे. ऐकीव नको, विशेषणे नकोत. मागची बाजू वाचणारा पलीकडे कुणी भेटेल की नाही, हे आमच्या हाती नाही.

एका रविवारी आम्ही बाजारात गेलो. गिऱ्हाईक कमी होते, म्हणून गाड्याशी उभे राहून आम्ही त्याला किटलची सारी गोष्ट सांगितली. भिंतीचे काम, ४८ झेल, १४६ वा क्रमांक, आणि पुढचा उच्चांक. वांगी निवडता निवडता तो लक्ष देऊन ऐकत होता. आम्हांला काय म्हणायचे आहे, ते त्याला कळले असावे. वांगी पारड्यात टाकून त्याने तराजू उचलला, काटा स्थिर होईपर्यंत थांबला आणि म्हणाला,

"एकशे सेहेचाळिसावं का असेना, नाव घेतलं की सर त्याचं."

आम्ही पैसे दिले. त्याने नेहमीप्रमाणे चार मिरच्या वर टाकल्या. त्या नको म्हणण्याचेही धैर्य आम्हांला झाले नाही.