लाइट-पाण्यासकट

पुण्यात भाड्याचे घर शोधणाऱ्याच्या कानावर दोन शब्दप्रयोग वारंवार पडतात. एक 'लाइट-पाणी वेगळे' आणि दुसरा 'लाइट-पाण्यासकट'. व्याकरणाच्या तासाला 'सकट' हे साहचर्यवाचक शब्दयोगी अव्यय म्हणून आम्ही शिकवतो आणि पुढे जातो. घर शोधताना मात्र या अव्ययाशी इतक्या सहजपणे निरोप घेता येत नाही. कशासकट, किती आणि कोणाच्या मर्जीने, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतात.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. चाळिशी ओलांडलेली, आणि नेमणूक अजून तासिका तत्त्वावरची. तास झाले तर मानधन; सुट्टी लागली की ते थांबते, आणि जे मिळते तेही पुष्कळदा काही महिन्यांचे एकदम हाती येते. मिळकत अशी भरती-ओहोटीची असली की 'परवडणारे घर' या शब्दाचा अर्थ बदलतो. परवडणारे म्हणजे स्वस्त, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्यासारख्यांच्या लेखी परवडणारे म्हणजे ज्याचा आकडा आधी ठाऊक आहे असे. भाडे थोडे अधिक असले तरी चालेल, पण मे महिन्यात पंख्याचे वेगळे बिल येऊ नये. म्हणून 'लाइट-पाण्यासकट' हे शब्द ऐकले की आम्हांला हायसे वाटते.

कर्वेनगरात असे एक बिऱ्हाड आम्ही केले. खाली आम्ही, वर मालकीणबाई. माणूस अत्यंत सुस्वभावी. परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिका तपासताना आम्हांला रात्रीचा एक वाजे. एके दिवशी जिन्यात भेटल्यावर त्यांनी सहज विचारले, "मॅडम, रात्री फार जागता का हो? दिवा दिसतो." स्वरात तक्रार नव्हती, काळजीच असावी. तरीही त्या रात्रीपासून आम्ही झरोक्याला वर्तमानपत्र लावू लागलो. इस्त्री दुपारी, त्या बाहेर गेल्यावर. पाहुणे आले की गीझर आधी आठवे आणि चहा मागाहून. पैसे तर आम्ही महिन्याच्या पहिल्या तारखेला दिलेले असत. पण विजेचा वापर ही जणू आमच्यावर होणारी मेहेरबानी झाली होती.

यात मालकीणबाईंना दोष देण्याचे कारण नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच अधिक, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे आणखी वरचा. समजा, एका मीटरवर तीन बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचा वापर ९० युनिटांचा आहे. तिघांना स्वतंत्र मीटर असते तर सगळी वीज पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसली असती. एकाच मीटरवर मात्र बेरीज २७० होते आणि त्यांतली १७० युनिटे दुसऱ्या टप्प्यात जातात. तिघेही काटकसरी आणि बिल मात्र उधळ्याचे. हा फरक 'सकट' म्हणणाऱ्या घरमालकाला सोसावा लागतो, आणि सबमीटर बसवला तर तो भाडेकरूंच्या वाट्याला येतो. दोघांमधला अवघडलेपणा पुष्कळदा स्वभावातून न येता या बेरजेतून येतो.

पाण्याची गोष्ट याहून निराळी. पुढे आम्ही धायरीकडे घरे पाहिली. पुणे महापालिकेत २०१७ साली जी गावे आली त्यांत धायरीचा उरलेला भाग होता. वस्ती वाढलेली, नळ मागाहून येणारा. तिथे एका घराचे भाडे 'पाण्यासकट' होते. बोलता बोलता उलगडले की पाणी म्हणजे नळाचे पाणी. उन्हाळ्यातल्या टँकरची वर्गणी वेगळी. शब्द तोच, अर्थ मात्र ऋतूप्रमाणे बदलणारा. अशा ठिकाणी घर पाहायला पावसाळ्यात जाऊ नये, एप्रिलात जावे आणि मालकाआधी शेजाऱ्यांना विचारावे, एवढे शहाणपण आम्ही तिथून घेतले.

कायद्याने या संबंधाला दिलेली नावेही पाहण्यासारखी आहेत. जुन्या पुण्यात वाड्यातला माणूस 'बिऱ्हाडकरू' असे. त्या शब्दात चूल होती, पोरेबाळे होती. मग तो 'भाडेकरू' झाला. आता अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारात आपण परवानाधारक असतो, म्हणजे राहू दिलेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे २९ वे कलम वीज, पाणी, जिन्यातला दिवा यांसारख्या आवश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडण्यास घरमालकाला मनाई करते. पण तिथला शब्द 'भाडेकरू' हा आहे. ५५ वे कलम मात्र परवान्याच्या करारालाही लागू होते. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे परवानाधारकाचा खरा आधार म्हणजे त्याच्या हातातला कागद.

त्या कागदाची आणखी एक बाजू आहे. विजेचे बिल हा आपल्याकडे पत्त्याचा पुरावा मानतात. 'लाइट-पाण्यासकट' राहणाऱ्याच्या नावे असे बिल कधीच येत नाही. वर्षानुवर्षे शहरात राहून, शिकवून, कर भरूनही त्याचा पत्ता दाखवायला हा नोंदलेला करारच उरतो. तोंडी बोलीवर राहणाऱ्याजवळ तोही नसतो.

आता आम्ही घर पाहायला गेलो की 'सकट' या शब्दाची फोड करून मागतो. महिन्याला किती युनिटांपर्यंत वीज भाड्यात धरली आहे? त्यापुढच्या युनिटांचा दर कोणता? मीटर कोणकोणाचा मिळून आहे? टँकरची वर्गणी, पाण्याच्या मोटारीची वीज, जिन्यातला दिवा कोणाकडे? उत्तरे मिळाली की ती करारात लिहा, अशी विनंती करतो. काही घरमालकांना हे रुचत नाही. "मास्तर, एवढा अविश्वास?" असे एकाने हसून विचारलेही. आम्हांला यात अविश्वास दिसत नाही. युनिटांचा आकडा कागदावर आला म्हणजे वरच्या मजल्यावरच्या माणसाला खालचा दिवा मोजावा लागत नाही, आणि खालच्या माणसाला तो झाकावा लागत नाही. मर्यादा ठरलेली असली की तिच्या आतला उजेड आपला असतो. त्यात रात्री एक वाजेपर्यंत उत्तरपत्रिका तपासता येतात, आणि सकाळी जिन्यात भेट झाली तर बोलणे पावसापाण्याचे होऊ शकते.