अर्ज आणि हुकूम

अनेक माणसे दूरदूरच्या गावांतून एकाच वेळी जो खेळ खेळतात, त्याची रचना शिकू पाहणाऱ्या तरुणाला मी आरंभी एकही ओळ लिहावयास सांगत नाही. या खेळात जे घडेल त्याचा अखेरचा निर्णय कोणाच्या अखत्यारीत राहणार, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडून आणावयास सांगतो. जळगावात काय किंवा धुळ्यात काय, माझ्याकडे येणारी मुले बहुधा खेळ रचण्याच्या व खेळण्याच्या रोब्लॉक्स या मंचाच्या वाटेने येतात. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात जन्मलेल्या लुआ या सुटसुटीत भाषेची तेथे वापरली जाणारी उपशाखा त्यांच्या हाती लवकर बसते, दारे उघडू लागतात, गाड्या धावू लागतात; आणि दुसरा खेळाडू आत येईपर्यंत सर्व काही सुरळीत चालते.

दुसरा खेळाडू आला की एकाच घटनेच्या दोन प्रती निर्माण होतात, आणि खरी कोणती हा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक खेळाडूच्या हातातील यंत्र हे क्लायंट: चित्र रेखाटणे, ध्वनी ऐकविणे, बोटांचा दाब टिपणे ही त्याची कामे, आणि ती तेथील लोकल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांचा लेख, करते. सर्व्हर हे दूरवरचे यंत्र खेळाची खरी स्थिती सांभाळते, आणि त्यावरील स्क्रिप्ट खेळाडूच्या दृष्टीसही पडत नाही. क्लायंटवर जे जे पाठविले, ते मात्र खेळाडूच्या स्वाधीन झाले; ते वाचणे आणि बदलणे त्याच्या हातचे असते.

येथे मला धुळ्याचाच आधार घ्यावासा वाटतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना बखरीच्या वर्णनाहून समकालीन अस्सल कागदाला श्रेष्ठ मानले; १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचा देहान्त झाला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही त्या गावी आहे. सर्व्हरवरील नोंद हे अस्सल दफ्तर. पडद्यावर दिसते ती त्याची नक्कल. नक्कल कितीही सुबक असली तरी वाद पडला असता दाखला दफ्तराचाच घ्यावयाचा, आणि क्लायंटने दफ्तरात स्वहस्ते नोंद न करता केवळ अर्ज करावयाचा.

एका विद्यार्थ्याने यावल-रावेरकडील केळीच्या व्यापाराचा खेळ रचला होता. त्यात क्लायंट सर्व्हरला कळवीत असे की, माल विकला गेला, पाचशे रुपये जमा करा. हा अर्ज नव्हे; हा परस्पर दिलेला हुकूम होय. योग्य संदेश एवढाच, की मला इतके क्विंटल विकावयाचे आहेत. मग सर्व्हरने शहानिशा करावी: तेवढा माल याच्यापाशी आहे काय, हा बाजारापाशी उभा आहे काय, आणि आलेले मूल्य संख्याच आहे काय. भाव स्वतःच्या कोष्टकातून घ्यावा. अर्जदार कोण, हे रोब्लॉक्स प्रत्येक संदेशासोबत स्वतःच सांगते. संदेशात लिहिलेल्या नावावर विसंबू नये.

या शहानिशेत बारकावे पुष्कळ आहेत. कोणी उणे दहा क्विंटल खरेदी मागितली, तर किंमतही उणे निघते, आणि ती वजा करताच शिल्लक वाढते. त्याहून सूक्ष्म असे एक मूल्य आहे, जे संख्येच्या जातीत मोडूनही संख्या नसते. त्याची कशाशीही लहान-मोठेपणाची तुलना केली तरी उत्तर नकारार्थीच येते. म्हणून 'शून्याहून कमी असेल तर परत पाठव' असा पहारा त्याला आत सोडतो. 'शून्याहून अधिक आणि मर्यादेच्या आत असेल तरच घे' असा पहारा सोडीत नाही. नवशिक्याने दुसऱ्या रीतीनेच लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

मात्र एवढ्यावरून क्लायंटला हीन लेखणेही गैर होईल. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापुरात असला, तर जळगावाहून सरळ रेषेने सुमारे पावणेचार हजार किलोमीटरचे हे अंतर जाऊन येण्यासच ३७-३८ सहस्रांश सेकंद लागतात, आणि प्रत्यक्ष मार्ग तर वाकडाच असतो. प्रत्येक पावलासाठी हुकमाची वाट पाहावी लागली, तर खेळातील प्राणच हरपेल. १९९६ साली क्वेकवर्ल्ड या खेळात यावर असा तोडगा योजला गेला की, क्लायंटने परिणामाचा अंदाज बांधून खेळाडूला तत्काळ हलवावे, आणि सर्व्हरचा निर्णय निराळा आला तर निमूटपणे दुरुस्ती करावी. रोब्लॉक्सही खेळाडूच्या देहाची हालचाल सामान्यतः त्याच्याच यंत्रावर सोपविते. म्हणून तेवढ्या वेळात तेवढे अंतर कापणे शक्य होते काय, हे पाहण्याचे कर्तव्य सर्व्हरकडे उरते. एकाच संगणकावर तपासताना विलंब जवळजवळ शून्य असल्यामुळे हे दोष लपून राहतात. यास्तव रोब्लॉक्सच्या स्टुडिओत, म्हणजे खेळ रचण्याच्या साधनात, कृत्रिम विलंब घालून आणि दोन खेळाडू उभे करून खेळ पाहावा.

पूर्वी रोब्लॉक्सवर असेही खेळ चालत, की ज्यांत एका क्लायंटने केलेला बदल सर्वांच्या पडद्यावर उमटे. २०१८ साली ती मुभा काढून घेण्यात आली. तरीही प्रत्येक अर्ज संशयाने तपासणे म्हणजे खेळाडूंवरचा अविश्वास, असे काही मुलांना वाटते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. भुसावळचा एक मुलगा आणि शिरपूरची एक मुलगी, ज्यांनी परस्परांना कधी पाहिलेले नाही, ती निःशंकपणे एकमेकांशी खेळू शकतात, याचे कारण त्या दोघांपैकी कोणाकडेही न झुकणारा एक तिऱ्हाईत हिशेब ठेवीत असतो. तपासणी सैल राहिली की लबाडाचे काहीच बिघडत नाही; ज्याने रात्ररात्र जागून प्रामाणिकपणे माल जमविला, त्याच्या श्रमाचे मोल मात्र शून्य होते. म्हणून मी मुलांना सांगतो की चित्रे, रंग, ध्वनी हे सारे नंतर येऊ द्या. आधी दफ्तर चोख लिहा, कारण प्रामाणिक खेळाडूशी तुम्ही केलेला करार त्यातच आहे.